नातलगांची गाडी

गाडीवाल्या काकूंना बाजारातल्या चढाओढीचं वावडं नव्हतं. "माझ्यासमोर दहा गाड्या उभ्या करा," त्या म्हणायच्या, "माणसं जिच्यात बसतील ती खरी." वसाहत ते दवाखाना अशा फेऱ्या मारून त्यांच्या जुनाट गाडीने दोन मुलींचं शिक्षण आणि नवऱ्याचे एकापाठोपाठ एक बुडालेले धंदे, दोन्ही पोसले होते.

मग बस कंपनी आली. नगरपालिकेने तिला डेपोसाठी फुकट जागा दिली, कर माफ केला आणि वर ठराव केला की या रस्त्यावर भाडं घेऊन माणसं न्यायची ती फक्त कंपनीनेच. उद्घाटनाला कंपनीचे साहेब खुल्या बाजाराचे गोडवे गात सुटले. काकू उभ्या राहिल्या. "बाजार खुला आहे, तर दाराला आतून कडी कशाला?" साहेबांनी घाईघाईने चहापान जाहीर केलं.

ठरावात एक फट होती: खासगी गाडीतून घरची माणसं नेता येत होती. झालं! काकूंनी अख्खी वसाहत घरची करून टाकली. नर्स धाकटी जाऊ झाली, शिंपी भाचा झाला आणि बँकेतून निवृत्त झालेले खडूस गृहस्थ चुलत सासरे. त्यांना ते सासरेपण इतकं मानवलं की गाडी कशी हाकावी यावरून ते काकूंना रोज बोल लावू लागले. भाडं कुणीच देत नसे; सगळे डिझेलला हातभार लावत.

कंपनीने तक्रार केली. नगरपालिकेत नवा तपासनीस बदलून आला आणि त्याने नाक्यावर गाडी अडवली.

"अहो बाई, एक जरी नातं खोटं निघालं तरी गाडी जप्त."

गाडी गेली की घर बसलं, हे काकूंना सांगायला ज्योतिषी नको होता.

"तुम्ही कोण?" त्याने नर्सला विचारलं.

"धाकटी जाऊ," नर्स ठसक्यात म्हणाली.

शिंपी गडबडला. "मी दीर. म्हणजे, काल भाचा होतो."

"एका रात्रीत बढती?"

"आमच्या घरातल्या भानगडींशी तुम्हाला काय करायचंय?" चुलत सासरे खेकसले.

तपासनीसाने जप्तीचा कागद काढला आणि मागचं दार उघडलं. शेवटच्या सीटवर त्याची स्वतःची आई बसली होती. ही म्हातारी कुणाची कोण, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं.

"आई, तू?"

"गुडघे दाखवायला चाललेय. त्या कंपनीची बस दवाखान्यापाशी थांबत नाही, गिऱ्हाईक कमी म्हणे. आणि तुला वेळ नाही." म्हातारीने पदर सावरला. "विचार ना, सगळ्यांना विचारतोयस. मी या गाडीवालीची मावशी."

कागदाची घडी खिशात घालून तपासनीस काकूंच्या खिडकीशी आला.

"ताई," तो म्हणाला, "मागचा दिवा लागत नाहीये. आईला नेतेस, तेवढा बघून घे."