सुताचं दुसरं टोक

मंडळी, आज सकाळी बाबांना घेऊन रंकाळ्यावरच्या कला-मेळ्याला गेले होते. बाबांनी जन्मभर सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवले. मग फ्लेक्स आले, उजवा हात थरथरू लागला आणि ब्रश सुटला.

तिथे कुणीही रंगवावं म्हणून लांबलचक पांढरं कापड ताणलं होतं. बाबा त्याच्याजवळ रेंगाळले. मी म्हणाले, "राहू द्या बाबा, हात कापतोय." आजूबाजूच्यांनी ऐकलं. बाबा दोन पावलं मागे सरले.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून गेरू लावलेल्या सुताची गुंडी काढली. घरूनच आणली होती!

"दुसरं टोक धर."

लहानपणी हे माझंच काम होतं. मी टोक धरलं. बाबांनी सूत ताणलं, चिमटीत उचलून सोडलं. कापडावर सरळ तांबडी रेघ उमटली.

"हात कापतोय, सूत न्हाय कापत," ते म्हणाले.

तेवढ्यात पावसाची सर आली आणि रेघ वाहून गेली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. पाचच मिनिटांत ऊन पडलं.

"चला बाबा, घरी."

"घरी काय? कापड वाळू दे. धर की टोक!"

आम्ही उभ्या-आडव्या आठ रेघा मारल्या. त्या चौकटींत कॉलेजच्या मुली रंग भरत बसल्या आणि बाबा त्यांना मोठ्या आवाजात दटावत राहिले.

घरी आल्यापासून विचार करतेय. काळजीपोटी मी त्यांच्या हातून आणखी काय काय काढून घेतलं असेल? तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना असंच "राहू द्या" म्हणता का?