पितृपक्षातला चकोट

माझ्या डोक्याचा मधला भाग पन्नाशीनंतर विरळ व्हायला लागला. त्याबद्दल मला दुःख कमी आणि कुतूहल जास्त होतं. कानात, नाकात, जिथे कुणी बोलावलं नव्हतं तिथे केस जोमानं येत होते. मग डोक्यावरच संप का? ऑफिसातल्या एकानं सांगितलं, "एकदा तुळतुळीत करून टाका. दाट येतात. लहान मुलांचं जावळ कशाला काढतात मग?"

घरी बायको म्हणाली, "केस वाढतो आत, मुळाशी. वर वस्तरा फिरवला ते मुळाला कोण सांगणार?"

हे मला पटलं. पण तिचं पटलं की लगेच उलट काहीतरी करून बघायची माझी जुनी खोड आहे.

गंगापूर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये त्या दिवशी चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, नशीब बघा. पितृपक्ष चालू आहे, या पंधरवड्यात लोक केस कापत नाहीत, म्हणून दुकान रिकामं आहे, हे माझ्या विज्ञाननिष्ठ डोक्यात शिरलंच नाही.

"सगळे काढ," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे आरशातून पाहिलं. भिंतीवरचा टीव्ही बंद केला. एरवी हा माणूस एका कटिंगमध्ये अख्ख्या शहराच्या बातम्या देतो, पण आज एक शब्द नाही. मला वाटलं, प्रयोगाचं गांभीर्य ओळखलं यानं. शेवटी हळू आवाजात त्यानं एवढंच विचारलं, "काका, मिशीपण?"

"मिशीपण," मी उत्साहात म्हणालो. नमुना वाढला तर बरंच.

घराचं दार अप्पांनी उघडलं. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, आयुष्य मोजणी खात्यात गेलेलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग हातानंच वळायची खूण केली. मी वळलो. मागे न्हाव्यानं बोटभर शेंडी ठेवली होती. ती मला कुठून दिसणार.

"कोण गेलं?" अप्पा म्हणाले.

"कुणी नाही."

"आई जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे राहिलो मी." ते दारातून बाजूला झाले. "ये आत. दिवस कधी घालायचे तेवढं सांग, मीपण वेळ मोकळा ठेवतो."

बायकोनं स्वयंपाकघरातल्या कात्रीनं शेंडी उडवली, पण तोवर उशीर झाला होता. अर्ध्या तासात समोरच्या काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. दार पुन्हा अप्पांनीच उघडलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी तयार होतं, त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. अप्पांनी थर्मास घेतला आणि म्हणाले, "माझ्यासाठीच असेल ना? साखर घातलीय का?"

इथवर सगळे हसत होते. मग अप्पा कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले.

भाऊबीज एक्केचाळीस दिवसांवर होती. कळवणला त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. अठ्ठ्याऐंशीची, डोळ्यांनी जवळजवळ अंध, कानांनीही अधूच; माणसं हातानं चाचपून ओळखते. लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हापासून अप्पांची एकही भाऊबीज चुकलेली नाही. गेल्या वर्षी निघताना तिनं त्यांचा हात बराच वेळ सोडला नव्हता.

"तुझं असलं डोकं घेऊन मी तिच्या दारात जाणार नाही," अप्पा म्हणाले. "बाप जिवंत असताना पोरानं डोकं केलं, तिच्या मनाला ते किती लागेल ठाऊक आहे?"

"भाड्यानं गाडी करून देतो. मी येत नाही," मी म्हणालो.

"मुलगा असून?"

मग त्यांनी अट घातली: "भाऊबीजेपर्यंत भांग पडला पाहिजे. पडला तर जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मला खाली बसवलं, पेपर वाचायचं भिंग आणि पट्टी घेतली आणि माझ्या माथ्यावर बॉलपेननं एक चौकोन आखला.

"आधी किती होते इथे?"

"कधी?"

"काढायच्या आधी. मोजले असशील ना?"

"नाही मोजले."

"आधीची मोजणी नाही आणि दाट झाले का ते बघणार," अप्पा म्हणाले. "खात्यात असतास तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

पण रोजची मोजणी सुरू झाली. चौथ्या दिवशी डोकं काथ्याच्या पायपुसण्यासारखं लागायला लागलं. मी जाहीर केलं, जाड येतायत. अप्पांनी भिंगातून पाहून सांगितलं, "जाड नाही. टोक कापलेलं आहे, म्हणून बोचतं. तोडलेल्या उसाचे बुडखे बोचत नाहीत का?" वाढ दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्साही होत नव्हती. मिशी मात्र चार पावलं पुढे. चौकोनातल्या काही जागा रिकाम्याच राहिल्या. सगळी मुळं एकाच वेळी कामावर नसतात, काही वर्षानुवर्षं केस वाढवतात, मग थोडे महिने विश्रांती घेतात, असं मी कुठेतरी वाचून त्यांना सांगितलं. "तुझ्यासारखीच," ते म्हणाले.

केस सरळ उभे येत नाहीत, उतारावरच्या पाण्यासारखे एका अंगाला कलतात, हेही त्यांनीच दाखवलं. एका सकाळी त्यांनी शोध लावला की मला दोन भोवरे आहेत.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं," बायको आतून म्हणाली. "बघा, कुणी फसतंय का."

अप्पांचा हात माझ्या डोक्यावर शेवटचा कधी होता, मला आठवत नव्हतं. बहुधा शाळेत, टपली मारायला. आता रोज पंधरा मिनिटं ती खरखरीत बोटं तिथे फिरत होती, आणि मी चुकूनही हलत नव्हतो.

भाऊबीजेच्या सकाळी केस सव्वा सेंटिमीटरच्या जरा वर होते. अप्पांनी पाणी लावलं, स्वतःच्या कंगव्यानं भांग पाडला. एकेक केस परत उभा राहिला. पुन्हा पाडला. पुन्हा उभे. मग त्यांनी कंगवा खिशात ठेवला.

"गाडी काढ," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचं तिचं मला सांगता येत नाही. माझंही."

दिंडोरी, वणी करत आम्ही कळवणला पोचलो. आत्या ओसरीवर खुर्चीत बसली होती. अप्पा उंबऱ्यापाशी वाकून चपलेचा पट्टा सोडवत होते, आणि मी मूर्खासारखा पुढे जाऊन तिच्या पाया पडलो. तिनं आशीर्वादाला डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला.

"डोकं केलंस?" ती म्हणाली. दुसरा हात हवेत चाचपडायला लागला. "भाऊ कुठंय? रे, भाऊ कुठंय माझा?"

मी उंबऱ्याकडे बोट दाखवलं, तिला दिसत नाही हे विसरून.

"आक्का, हा काय मी," अप्पा जवळजवळ धावतच आले. ब्याऐंशीच्या माणसाला जेवढं धावता येतं तेवढं. एका पायात चप्पल तशीच. तिनं त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी धरला, कान चाचपले, हनुवटी चाचपली, खांद्यावर एक चापट मारली.

"मंग यानं कशाला केलं?"

"केस दाट येतात का बघायला," अप्पा तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले.

आत्याचा श्वास अजून नीट बसला नव्हता. अप्पांचं मनगट तिनं डाव्या हातात घट्ट धरून ठेवलं आणि उजवा हात पुन्हा माझ्याकडे आणला. या वेळी सावकाश, केसांच्या उलट्या दिशेनं बोटं फिरवत.

"बरं," ती म्हणाली, "मंग आले का?"