मेस्त्रींचा उजवा पाय

पूल मागे पडला तरी मेस्त्रींच्या बहिणीने गाडीची किल्ली मुठीतून सोडली नव्हती. मेस्त्री दहा पावलं मागे. गाडी उताराच्या पायथ्याशी झाडाखाली उभी, घर पायी अजून तासाभरावर, आणि ही बाई तरातरा चालतच निघाली होती.

"किल्ली दे. दहा मिनिटांत घरी पोचू."

"तू पोच. मी त्या गाडीत बसणार नाही."

"मग किल्ली तरी?"

"तीही बसणार नाही."

राग गिळायला ती मनात देवाचं नाव घेत होती. नाव घेऊन व्हायचं, राग होता तिथेच.

झालं होतं ते असं. आईला डायलिसिसहून घरी आणायचं काम तिचं, आठवड्यातून दोनदा. आज दुपारी उतारावर तिने गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात घेतला. भावानेच शिकवलेलं, गिअर खाली घेताना क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला जरासा पाय लावायचा, म्हणजे इंजिनचा वेग चाकांशी जुळतो, धक्का बसत नाही. तिने तसाच पाय लावला. इंजिन किंचाळलं, क्लच सुटला, गाडीने पुढे उडी घेतली, तिने करकचून ब्रेक मारला आणि आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

निरोप मिळताच मेस्त्री बसने आले. बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, "गाडी फर्स्टक्लास आहे."

न्यायला आलेल्या शेजाऱ्यांच्या गाडीत बसता बसता आई म्हणाली, "म्हणजे हिलाच चालवता येत नाही. मी नाही बाई हिच्याबरोबर यायची आता."

आणि मेस्त्री खाली मान घालून बॉनेट पुसत राहिले.

तीस वर्षं गॅरेज चालवलं या माणसाने. गिऱ्हाइकाचं अर्धं ऐकायचे, इंजिनचं पूर्ण. गाडीचं सेटिंग लावायला बसले की उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवायचे. पेडलची नस तळव्यालाच कळते म्हणायचे. चुकले तर गुपचूप दुरुस्त करायचे आणि वर गिऱ्हाइकालाच झापायचे. माफी मागताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"परवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुणी ओढली?" तिने मागे न बघता विचारलं.

"मी. ढिली होती. पेडल दाबलं तरी इंजिन जागं व्हायला वेळ लावत होतं. आता कसं, अंगठा टेकवला की हजर!"

"अंगठा तुझा! अनवाणी!" ती गर्रकन वळली. "माझ्या पायात काय आहे ते बघ. टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी दिलेले जाड बूट. यातून मला टेकवलेलं कळत नाही, दाबलेलंच कळतं. सेटिंग लावलंस स्वतःच्या पायाला, गाडी चालवते मी, आणि डोकं फुटलं आईचं."

"फुटलं काय, टेंगूळ आलंय."

"दादा!" रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून बघायला लागले. "टेंगूळ तिच्या कपाळावर आणि खापर माझ्या माथ्यावर? एक शब्द बोलला असतास तर ती पुढच्या खेपेला आली असती माझ्याबरोबर. आता कोण नेणार तिला? तू? तुला गॅरेजमधून डोकं वर काढायला सवड आहे?"

मेस्त्री तिथेच रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि टायर चाचपावा तसा त्यांनी तिच्या बुटाचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला.

"इंचभर रबर," ते पुटपुटले. "कळणार काय डोंबल यातून!"

घराच्या गल्लीच्या तोंडाशी मेस्त्री थांबले. आवाज भांडणाचाच होता.

"किल्ली राहू दे तुझ्याकडे. उद्या सकाळी सातला गाडीपाशी ये. तू पेडल दाबायचंस, मी केबल सोडत जाईन, तू पुरे म्हणेपर्यंत. आईला मी घेऊन येतो. तिच्यासमोर सांगतो काय ते."

चार पावलं गेले आणि परत वळले.

"आणि हेच बूट घालून ये. येशील ना?"