जेलीतली पेशी

शाळेच्या फाटकासमोर जेली विकून एलोदियाने तीन मुली वाढवल्या, आणि कोआतेपेक गावातल्या दोन पिढ्यांना जीवशास्त्रात पास केलं. दर ऑक्टोबरात माध्यमिकच्या पहिल्या वर्गाला पेशी बनवून न्यावी लागते. ती मुलांनी करायची असते, करतात आया, आणि आयांना वेळ नसला की करायची एलोदिया. "एलो, एक प्राण्याची, एक झाडाची. सोमवारी सकाळी हं!"

पहिल्याच वर्षी तिने चूक केली होती. एक बाई तावातावाने गाड्यावर आली. "तुझ्यामुळे माझ्या पोरीला दहात पाच मिळाले, नापास झाली! प्राण्याच्या पेशीत हिरवी द्राक्षं घालतं का कुणी?"

चौथीतून शाळा सोडून तमाल, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे उंडे, विकायला बसलेल्या एलोदियाला काय ठाऊक, हिरवं म्हणजे हरितलवक आणि ते फक्त झाडापाशी असतं म्हणून! त्याच संध्याकाळी तिने शेजारच्या मुलीचं पुस्तक मागून आणलं आणि ओळीखाली बोट धरून वाचलं. तेव्हापासून दुधाच्या जेलीत मधोमध पीचची अर्धी फोड म्हणजे केंद्रक, बेदाणे म्हणजे तंतुकणिका, राजगिऱ्याचे दाणे म्हणजे रायबोसोम, पेरूच्या वडीच्या पट्ट्या म्हणजे गॉल्गी पिंड, आणि अननसाचे तुकडे म्हणजे लयकारिका. कुठला तुकडा काय काम करतो हे मुलाने सांगितल्याशिवाय ती ताट हातात देत नसे.

साठाव्या वर्षी तिने मोठ्यांच्या शनिवारच्या शाळेत नाव घातलं. आता फक्त जीवशास्त्राची तोंडी उरली होती. ती झाली की माध्यमिकचा दाखला. पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. दोनदा उभी राहून ती तशीच खाली बसली होती. ही तिसरी आणि यंदाची शेवटची खेप. या वेळी हुकलं तर पुन्हा वर्षभर थांबायचं.

शुक्रवारी ती आजारी बहिणीकडे निघाली तेव्हा तोंडीला न्यायची पेशीची जेली आळत होती. "जरा घट्ट झाली की वाटीतला अननस वरून टोचून ठेव," तिने नवऱ्याला बजावलं. निकानोर न्हावी; हात हलका. काम चोख करील याची तिला खात्री होती.

शनिवारी सकाळी परत येऊन तिने झाकण काढलं. अननसाच्या प्रत्येक तुकड्याभोवती पाण्याचं डबकं. बेदाणे बुडालेले, पीच कलंडलेला.

"म्हाताऱ्या, काय घातलंस हे?"

"अननस."

"कुठला?"

निकानोरने मान खाजवली. "वाटीतला... मी खाल्ला. पाकातला होता गं, गोड. मग वाईट वाटलं. म्हणून बाजारात जाऊन ताजा आणला. चांगला पिकलेला बघून आणला!"

"अरे, ताजा तसाच घातला की जेली धरत नाही! उकळावा लागतो!"

"मला कोण सांगणार?" तो पुटपुटला. पण ताट त्यानेच उचललं आणि सांडू नये म्हणून शाळेपर्यंत पावलं मोजत चालला.

वर्गात पाच जण होते. ब्रिसेइदा बाई, वयाने एलोदियाच्या धाकट्या लेकीएवढ्या, वही उघडून बसल्या होत्या. ताटातून टेबलावर ओघळ आला.

"सुरू करा, एलोदियाताई."

एलोदियाने तोंड उघडलं. आवाज नाही.

मागून नळवाला फुल्हेन्सियो म्हणाला, "अहो, गळतंय! पेशी मेली की काय? बोलवू का दुरुस्तीला?" सगळे हसले. दाराशी निकानोर उभा होता. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान एलोदियाला बघवेना.

"मेली नाही, खाल्ली गेली," ती म्हणाली. "आणि हसायला काय झालं? तुझ्या पोटातही हेच चालतं. ताज्या अननसात जेली पचवणारा रस असतो. उकळला की तो मरतो. हा जिवंत राहिला. लयकारिकेतही असाच रस. पेशीतलं जुनं, मोडकं तिथे पचवायचं आणि त्यातून कामाचं परत वापरायचं. पण तो पिशवीत बंद असतो तोवर ठीक. पिशवी फुटली की घरालाच खातो. असा." तिने बोटाने डबकं दाखवलं. मग बेदाण्यांवर आली, केंद्रकावर आली. रस्त्यावर गिऱ्हाईक थांबवावं तशी बोलत सुटली.

"अननस मुद्दाम घातलात?" बाईंनी विचारलं.

एलोदियाने दाराकडे पाहिलं. "घरात होता तो घातला."

बाईंनी वहीत दहापैकी आठ लिहिले.

"दोन कुठे गेले?"

"गॉल्गीचं नावच नाही घेतलंत."

"अगं बाई! वड्या डोळ्यांसमोर होत्या की!"

"असू द्या. दाखला पुढच्या महिन्यात घेऊन जा."

परतताना निकानोर रिकामं ताट काखेत मारून चालत होता. "दोन माझ्यामुळे गेले का?"

"नाही रे. ते माझेच."

"मग काय असतं ते गॉल्गी?"

"पेशीत जे तयार होतं ते नीट बांधून जिथल्या तिथे धाडायचं, ते त्याचं काम."

"हां," तो म्हणाला. चार पावलं गेल्यावर तिचा हात धरत म्हणाला, "पुन्हा सांग. सावकाश."