पाळी पुढे ढकलायची गोळी

मैत्रिणींनो, आज दुपारी पेडगावला चुलत वहिनीकडे गेले होते. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तिला विचारून लिहितेय, नाव देत नाही.

वहिनी वीस वर्षांची. सात महिन्यांपूर्वी सिझेरियनच्या वेळी तिच्या जिवावर बेतलं होतं. डॉक्टरांनी बजावलंय, तीन वर्षं दुसरं मूल नको.

महालक्ष्म्यांच्या सोवळ्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिला मीच आणून दिल्या होत्या. आज सहज विचारलं, "नंतर त्रास नाही ना झाला?"

"कशाचा तरास, ताई? लय गुणाची गोळी हाय. उरलेल्या बी खाल्ल्या. त्या संपून तीन आठवडे झाले, पाळीचं नाव न्हाई."

"उरलेल्या कशाला खाल्ल्या?"

"पाळीच न्हाई आली तर लेकरू कुठून राहतंय? तुमीच म्हणलात ना, हिच्यानं सगळं थांबतंय."

मी खरंच तसं म्हणाले होते.

गोळ्या संपल्यावर चार-आठ दिवसांत पाळी यायला हवी होती. मी तिला ते सांगितलं, आणि या गोळीने मूल राहायचं थांबत नाही हेही. तिने बाळाला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "मग ही गोळी थांबवती तरी काय?"

मला शाळेआधी अक्षरं आईने घरीच शिकवली. पाळीबद्दल मात्र कुठे शिवायचं नाही, एवढंच शिकवलं. वहिनीलाही तिच्या आईने तेवढंच शिकवलंय.

उद्या सकाळी तिला दवाखान्यात नेतेय. सणाला तुम्हीही कुणाला ही गोळी आणून दिली असेल. देताना काय सांगितलं होतं, आठवतंय?