माझ्या भुवया आणि पहिलीचा अभ्यास

धाकटी लेक पहिलीत होती त्या वर्षी आमच्या गावातला सगळ्यात जागरूक पालक मी होतो. हे माझं मत नाही. पालकसभेत नारळ आणि गुलाबाचं फूल देऊन तसं जाहीर झालं होतं, आणि मी ते दोन्ही घेऊन मुकाट घरी आलो होतो. मुकाट राहणं हा माझा स्वभावच. वडवणीच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगून घरी आलो की तोंड उघडावंसं वाटत नाही. थोरला दहावीला गेला तेव्हा मला कळलं की तो नववी पास झाला. धाकटी उशिरा झाली. मी पंचेचाळिशीला टेकलेलो. या खेपेला बाप म्हणून काहीतरी करून दाखवायचं, असं मी ठरवलं. त्यातलं ‘दाखवायचं’ जरा जास्तच मनावर घेतलं.

शाळा गावातलीच, सरकारी. जूनमध्ये पहिलीच्या बाईंनी पालकांना बोलावलं. मी गेलो तर खोलीत सगळ्या बायका, आणि बसायला पोरांची बुटकी बाकं. गुडघे हनुवटीला लागले. शेजारच्या वैनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “भाऊजी, तुमी कावून आलात? घरातून हाकललं का काय?”

बाई पहिलीत काय शिकवणार ते सांगत होत्या. आधी मुलांना बोलू द्यायचं, चित्र बघून गोष्ट सांगू द्यायची. मग अक्षराचा आवाज, मग दोन आवाज जोडून शब्द. चिंचोके मोजायचे, दहा-दहाचे ढीग करायचे. “आणि घरी वेगळं काही करू नका,” बाई म्हणाल्या. “भाकरी करताना विचारा, किती झाल्या. तूर निवडताना खडे मोजायला द्या. चुकलं तर लगेच सांगू नका. थांबा. तिचं तिला सापडू द्या.”

मी मनात हसलो. भाकरी मोजायला शाळा कशाला पाहिजे? त्या तर आमच्या घरी आजवर मोजल्याशिवायच खाल्ल्या जात होत्या. पण शेवटी बाई म्हणाल्या, घरी जे कराल त्याचा छोटा व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाका, वरून मागतात. तिथं माझे कान टवकारले.

गटावर व्हिडिओ येऊ लागले. वैनींच्या पोरीनं भाकरी मोजल्या. सातच्या नंतर एकदम नऊ आलं, मधूनच कोंबडी पळाली, वैनींचा पिठाचा हात दिसला, दोघी हसत सुटल्या. हे काय शिक्षण झालं? मी रविवारी सकाळी ओसरीवर मागं नवीन चादर लावली. धान्याच्या कोठीवर मोबाईल टेकवला. लेकीला शाळेचा ड्रेस, दोन वेण्या, लाल रिबिनी. हातात पुस्तक.

ती शब्दावर बोट ठेवायची. “ब... बस?” मोबाईलमागं मी उभा. माझ्या भुवया आवळायच्या. “ब... बदक?” भुवया वर जायच्या. मग ती ठासून म्हणायची, “बदक!” आठव्या खेपेला सगळा धडा गाडीसारखा सुटायचा. पहिल्या रविवारी हे नकळत झालं. दुसऱ्या रविवारी मला कळत होतं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बायकोला मात्र दिसत होतं. “पुस्तकाकडं बघ म्हणा की तिला. ती तुमच्या तोंडाकडं बघायली.”

“शूटिंग चालूय. गप बस.”

“जन्मात बोलला न्हाईत, अन् आता आमालाच गप बसवायलात व्हय!”

व्हिडिओ बाईंनी वर पाठवला, वरच्यांनी त्याच्या वर. फिरत फिरत तो दोन आठवड्यांनी मलाच आला, खाली टाळ्या वाजवणारे पिवळे हात. स्टँडवर एक जुना कंडक्टर खिडकीत डोकं घालून म्हणाला, “काय बे, पोरीला कलेक्टर करतो का काय?” मी दुपारपर्यंत गाड्यांच्या वेळा जरा मोठ्यानं पुकारल्या. वैनींनी मात्र व्हिडिओ टाकायचे बंद केले. बायकोला म्हणाल्या, “आमची अडखळती. तुमच्या पोरीपुढं कशाला टाकायचं?” त्यांची पोरगी एव्हाना वीसपर्यंत बिनचूक मोजत होती, हे मला फार उशिरा कळलं.

जानेवारीत शिक्षण खात्याचे साहेब शाळा बघायला आले. सत्कार झालेला पालक म्हणून मलाही भिंतीशी खुर्ची मिळाली. साहेबांनी माझ्या लेकीला उभं केलं. “तू ती व्हिडिओवाली ना?” म्हणाले आणि दुसऱ्याच पुस्तकातलं पान पुढं धरलं. चार शब्द होते. घर, फणस, असे सोपे.

लेकीनं बोट ठेवलं आणि मान वर केली. समोर साहेबांचं तोंड होतं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिनं बाजूला वाकून मला शोधलं. साहेब सरकले, तीही दुसऱ्या बाजूनं वाकली. “इकडंतिकडं काय बघतेस बाळ? पुस्तकात बघ.” मी चपलेकडं बघायला लागलो. मग तिनं त्या अनोळखी शब्दांवरून बोट फिरवत आमचा व्हिडिओवाला धडा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. मागची पोरं हसली.

साहेब बाईंकडं वळले. “सात महिने काय शिकवलं तुम्ही? व्हिडिओ तर जोरात पाठवत होता. लेखी खुलासा द्या.” मग मला विचारलं, “पालक म्हणून तुमचं काय म्हणणं?”

मी म्हणालो, “घरी तर चांगली वाचती, साहेब. शाळेत काय होतं कुणास ठाऊक.”

वर्षभरात मी शाळेत बोललेलं सगळ्यात लांब वाक्य हे. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही नव्हतं.

त्या दिवसापासून लेक पुस्तकाला हात लावीना. आईनं विचारलं तर म्हणाली, “मला न्हाई येत. पप्पाला येतं.”

चार दिवसांनी मी शाळा सुटल्यावर गेलो. बाई चिंचोके डब्यात भरत होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, भुवयांसकट.

“माहीत होतं मला,” बाई म्हणाल्या. “ती कधीच पुस्तकाकडं बघत नव्हती. मोबाईलच्या वर बघायची.”

“मग बोलला का न्हाईत?”

“टाळ्या मलाही यायच्या ना.” त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. “खुलासा दिलाय मी. मूल घाबरलं, शिकवण्यात माझी कसूर झाली, असं लिहिलंय. तुमचा विषय काढला नाही.”

‘मी साहेबांना खरं लिहून देतो’ हे वाक्य घशापर्यंत आलतं. बाहेर पडलं ते “बरं.” आणि सुटल्यासारखं वाटलं, हेही आता सांगून टाकतो.

बाई पुढं म्हणाल्या, “वाचायला बसवाल तेव्हा तिच्या पाठीला पाठ लावून बसा. आणि बोलायचं नाही. ते तर तुम्हाला जमतंच.”

तसं बसलो. पहिल्या दिवशी ती एका शब्दावर इतका वेळ थांबली की मला वाटलं झोपली. “पप्पा, बरुबर हाय का?” मी गप्प. तिची मान वळायला बघत होती, वेणी माझ्या खांद्याला घासत होती. शेवटी तिनं सुस्कारा टाकला आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून लागली. दोन महिने गेले. उन्हाळ्यापर्यंत ती वाचायला लागली, अडखळत, पण स्वतःच्या डोळ्यांनी. त्याचा व्हिडिओ नाही.

बाईंची पुढं बदली झाली. निरोपाच्या दिवशीही मी हार घालून हात जोडले आणि मागं जाऊन बसलो. माझी लेक वाचत होती, आणि बाईंच्या नोकरीच्या कागदावर कसूर तशीच होती.

यंदा ती चौथीत आहे. गेल्या महिन्यात मी अर्ज लिहायला बसलो: अमुक वर्षी मुलगी वाचू शकली नाही ती माझ्यामुळे, साहेबांपुढं मी खोटं बोललो, बाईंची नोंद दुरुस्त व्हावी. कागद टेबलावर ठेवून पाणी प्यायला उठलो, तोवर लेकीनं तो वाचून काढला होता.

“हे तुमी खरंच केलतं?”

“हो.”

तिनं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाली, “यात एक राहिलंय. बाई मला रोज शाळा सुटल्यावर थांबवून वाचायला शिकवायच्या. ते लिवा.”

मला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्या पाठीनं कमाल केली. अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

शिक्षण कार्यालयातल्या बाबूनं तो दोनदा उलटसुलट केला. “तक्रार हाय का मागणी?”

“दोन्ही न्हाई. माझीच चूक हाय.”

“मग आवक कशात करू? चुकांचं रजिस्टर न्हाई आमच्याकडं.” शेवटी त्यानं ‘इतर’ मध्ये घातला आणि शिक्का मारला. नोंद कधी दुरुस्त होईल ते त्यालाही सांगता आलं नाही.

शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मी बाईंना पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: “उशीर केलात. मुलगी काय वाचते सध्या?”

पहिलं वाक्य मी दोनदा वाचलं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मी लेकीच्या हातात फोन दिला आणि ओसरीवर जाऊन बसलो. आत ती बाईंशी अर्धा तास बोलत होती.