घडीचे कंदील

बोरगाव मेघेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांना पलटणीतले जुने घडीचे कंदील जमवायचा नाद होता. पत्र्याचे, अभ्रकाच्या काचांचे, मिटले की पाटीसारखे चपटे होणारे. भंगारवाल्यांकडून आणायचे आणि व्हरांड्यात बसून फडक्याने पुसत राहायचे. पेटवत मात्र कधीच नसत. आत अंथरुणाला खिळलेल्या काकू हाक मारायच्या, "अवो, जरा येता का जी?" काका म्हणायचे, "आलो ना," आणि कंदिलाच्या बिजागरीत तेल सोडत बसायचे. मला त्यांचा राग यायचा.

वैशाखात काकू गेल्या. मुलगी पुण्याहून यायची होती, म्हणून त्यांना व्हरांड्यातच ठेवलं होतं. गरम वाऱ्याने उशाशी लावलेला दिवा सारखा विझायचा. शेवटी माझी बायको म्हणाली, "काका, तुमच्या एखाद्या कंदिलात ठेवू का जी दिवा?"

"नाई," काका म्हणाले. "त्याले काजळी धरते."

जमलेल्यांपैकी एका बाईने तोंड फिरवलं. काका उठले, कंदिलांच्या कपाटाला कुलूप घालून आले आणि दिव्याभोवती दोन्ही तळहात धरून बसले. "सरका, मी धरतो," मी म्हटलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

दुपार कलल्यावर मुलगी आली. आईजवळ रडून झाल्यावर तिचं लक्ष काकांच्या हातांकडे गेलं. तळव्यांना फोड आले होते.

"बाबा, हे काय झालं?"

"काई नाई," काकांनी हात मागे घेतले. "वारा लय होता."